लुई ब्रेल आणि स्वतःपुरती लिपी

लुई ब्रेल यांच्या जन्मास दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने 2009 साली भारत सरकारने दोन रुपयांचे एक नाणे काढले होते. नांदेडहून उत्तरेकडे निघालेला रस्ता अर्धापूर मागे टाकून कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाट्यास येतो आणि तेथे त्याला दोन दिशा फुटतात. एक कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. अशा फाट्यावर एसटीतून उतरून चहा घेणाऱ्या प्रवाशाच्या सुट्या पैशांत हे नाणे एखादे वेळी येऊनही जाते. परंतु त्या नाण्याचा नि लिहिण्याचा काही संबंध आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. डोळस माणसाला फाट्यावर वाचावयास पुष्कळ असते. गाडीची पाटी, मैलाचा दगड, दुकानाचा फलक, सारे फुकट मिळते. काही टिपून ठेवावयाचे झाल्यास खिशात बॉलपेन असते, आणि कागद नसला तर तळहात असतो. लिहिणे इतके स्वस्त झाल्यामुळे ते किती मोलाचे आहे याचा हिशेब कोणी करीत नाही. तो हिशेब ज्याने आयुष्यभर केला, त्या माणसाचे हे चरित्र आहे.

ब्रेल यांचे नाव सर्वत्र अंधांच्या वाचनाशी जोडले जाते. हे अर्धेच खरे होय. बोटांनी वाचावयाची पुस्तके त्यांच्या आधीही होती. नव्हते ते अंध माणसाने स्वतः, कोणाच्याही मदतीवाचून लिहिणे, आणि लिहिलेले पुन्हा स्वतःच वाचणे.

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कुप्वरे नावाचे खेडे आहे. तेथे 4 जानेवारी 1809 रोजी लुईचा जन्म झाला. बाप घोड्यांची खोगिरे व चामड्याचे साज करणारा कारागीर. तीन वर्षांचा लुई एके दिवशी बापाच्या कामाच्या जागी आरीसारखे टोकदार हत्यार घेऊन खेळत असता ते त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यासही झाला आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी पूर्णपणे गेली. जंतुसंसर्गावर उपाय ठाऊक नसलेला तो काळ होता. पुढे ज्या साधनाने लिपी टोचली गेली ते त्या हत्याराचेच भावंड, हा योगायोग चरित्रकारांनी इतका रंगविला आहे की त्यात आणखी भर घालण्याचे कारण नाही. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की त्या बापाने आंधळ्या मुलाला कोपऱ्यात बसविले नाही. गावच्या धर्मगुरूने त्याला शिकविले, गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर बसला आणि ऐकून ऐकून हुशार ठरला. ऐकण्यावर जेवढे शिकता येते तेवढे तो तेथे शिकला. ती मर्यादा लवकरच आली.

फेब्रुवारी 1819 मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत दाखल झाला. व्हॅलेंतां आवी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन केलेली ही संस्था. इमारत जुनी आणि ओलसर होती. आवी यांनी नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावाने छापून पुस्तके केली होती. ती आकाराने प्रचंड, वजनाने जड आणि संख्येने मोजकी. एकेक अक्षर बोटाने चाचपीत ओळीच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभ विसरावा, अशी गत. डोळ्याच्या सोयीची आकृती बोटाच्याही सोयीची असेल, हे गृहीतच मुळात चुकीचे होते. आणि विद्यार्थ्याने आपल्या हाताने लिहावे कसे, याचे समाधानकारक उत्तर त्या पद्धतीत नव्हते.

या ठिकाणी शार्ल बार्बिये यांचा प्रवेश होतो. सैन्यात राहून आलेल्या या गृहस्थांना जलद लेखनाचा नाद होता. बोलण्याच्या वेगाने लिहिता यावे यासाठी त्यांनी 1809 सालीच एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्याच नादातून त्यांनी ध्वनींची एक ठिपक्यांची लिपी सिद्ध केली आणि 1821 च्या सुमारास ती अंधांच्या संस्थेपुढे ठेवली. छत्तीस ध्वनींचा एक तक्ता. ध्वनी कितव्या ओळीत आणि कितव्या जागी आहे हे दोन उभ्या रांगांतील ठिपक्यांच्या संख्येने दाखवावयाचे. म्हणजे आज ज्या लिपीस आपण ब्रेल म्हणतो तिचे मूळ एका लघुलेखकाच्या प्रयत्नात आहे. लघुलिपी ही ब्रेलची मागाहून जोडलेली शाखा आहे, असे समजणाऱ्यांनी हा वंशवृक्ष एकदा पाहावयास हवा.

बार्बिये यांच्या योजनेत दोष होते. एका चिन्हात बारापर्यंत ठिपके येत आणि बोटाच्या अग्रात ते एकाच वेळी मावत नसत. शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते. बारा वर्षांच्या लुईने दोष ओळखले आणि पुढची तीन वर्षे, सुट्टीत कुप्वरेस गेल्यावरही, तो कागद टोचीत राहिला. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिपीचा सांगाडा तयार झाला. बारांचे सहा ठिपके झाले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. सहा ठिपक्यांची त्रेसष्ट चिन्हे होतात आणि त्यांपैकी प्रत्येक बोटाच्या एका स्पर्शात येते. एवढ्या लहान वयात एवढी काटकसर क्वचितच कोणी साधली असेल.

1829 मध्ये ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुस्तक मात्र जुन्याच उठावदार रोमन अक्षरांत छापावे लागले. त्यात शब्द आणि संगीत लिहिण्याची रीत तर होतीच. त्याबरोबर ठिपक्यांनी लघुलेखन कसे करावे याचीही एक योजना होती. वीस वर्षांच्या तरुणाने पहिल्याच पुस्तकात ही गोष्ट आणावी, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वर्गात शिक्षक बोलत आहेत आणि विद्यार्थी टिपून घेत आहे, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे, किंवा अधिक अचूक बोलावयाचे तर बोटांपुढे, होते.

हा प्रश्न किती व्यावहारिक आहे हे मराठीत करून पाहिल्यास कळते. पाटी आणि टोचणी घेऊन लिहिताना प्रत्येक ठिपका स्वतंत्र टोचावा लागतो. शिवाय ओळ उजवीकडून डावीकडे लिहावयाची आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाची. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरली. तिच्यात व्यंजनातील अकार सहसा वेगळा लिहीत नाहीत, परंतु इतर स्वर व्यंजनानंतर स्वतंत्र घर घेतात. अर्थशास्त्राच्या तासाला ‘मागणी’ हा शब्द आला तर म, आ, ग, ण, ई अशी पाच घरे लागतात आणि ठिपके मोजल्यास सोळा होतात. ‘पुरवठा’ सहा घरे घेतो. ‘अर्थशास्त्र’ या चार अक्षरी शब्दास जोडाक्षरांमुळे दहाच्या आसपास घरे जातात. प्राध्यापक तासात किती वेळा मागणी म्हणतात याचा अंदाज कोणत्याही विद्यार्थ्यास आहे. एकट्या म वर काम भागविले तर सोळांऐवजी तीनच टोचे पडतात.

मग सर्वच शब्दांची आद्याक्षरे करावीत काय? येथे अडचणी सुरू होतात, आणि त्या शिकून घेण्यासारख्या आहेत. म जर मागणीसाठी दिला तर महागाईस दुसरे चिन्ह शोधावे लागते. इंग्रजीत स्वर गाळून शब्द बऱ्यापैकी ओळखता येतो. मराठीत स्वर गाळले की कळ, काळ, केळी आणि कोळी एकाच रांगेत येऊन बसतात. तेव्हा शब्दाच्या आरंभीचा स्वर ठेवावा, अंत्य प्रत्यय आखडावा, असे काही नियम ज्याचे त्याने बसवावे लागतात. बोटाचीही एक शिस्त आहे. एकटाच ठिपका कागदावर उठला तर तो वरचा की खालचा, डावा की उजवा, हे शेजारी दुसरे चिन्ह असल्यावाचून बोटास निश्चित सांगता येत नाही. म्हणून डोळ्याला सुटसुटीत वाटणारे चिन्ह बोटाला फसवे ठरू शकते. अशा लिपीची यादी दहा-वीस शब्दांनी आरंभावी, ती वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण रूपांसह टोचून ठेवावी आणि सवय पक्की झाल्यावरच वाढवावी, हे उत्तम. इंग्रजी ब्रेलमध्ये सार्वजनिक छपाईसाठी संक्षेपांची एक मान्य श्रेणी आहे, आणि तिच्यापलीकडे केवळ स्वतःच्या टिपणांसाठी तिसरी श्रेणी वापरणारेही आहेत. तीत शेकडो संक्षेप असून तिचे सर्वमान्य प्रमाण नाही. फ्रेंचमध्ये संक्षिप्त लेखनाची पद्धती मोरिस द ला सिझरान या अंध गृहस्थांनी 1882 मध्ये सिद्ध केली. त्यांनीही ब्रेल यांच्याच संस्थेत शिक्षण घेतले होते.

आजकाल ध्वनिमुद्रण सर्वत्र सुलभ झाले आहे, परीक्षेस लेखनिक मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. सांगून लिहवून घेण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. वारंगा फाट्यावरून यवतमाळकडे वळणाऱ्या रस्त्याने विदर्भात शिरून आणखी उत्तरेस गेले की अमरावती जिल्ह्यात माधान लागते. तेथील गुलाबराव महाराज 1881 मध्ये जन्मले, वर्षाचेही झाले नव्हते तोच अंध झाले आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात विपुल ग्रंथरचना करून गेले; त्यांनी सांगावे आणि भोवतालच्यांनी उतरून घ्यावे अशी. तेव्हा सांगून लिहविलेले कमी प्रतीचे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे सांगितले जाते ते मनात पुरते झालेले असते. अर्धवट शंका, उद्या खोडावयाचे वाक्य, समजले नाही त्यापुढचे प्रश्नचिन्ह, ही दुसऱ्याला सांगावयाची वस्तू नव्हे. विद्यार्थ्याची बुद्धी मात्र तेथेच घडते. ध्वनिमुद्रित तासात एक व्याख्या शोधावयाची तर मागेपुढे करीत बसावे लागते. टोचलेल्या पानावर बोट सरळ तेथे जाते. अंध मुलास अक्षरओळख झाली म्हणजे ब्रेल आले, असे मानून थांबणे म्हणजे डोळस मुलाला बाराखडीनंतर वही न देण्यासारखे आहे.

ब्रेल स्वतः 1828 पासून त्याच संस्थेत शिकवू लागले. व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित आणि संगीत हे त्यांचे विषय. आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अंकगणितावर एक पुस्तिका लिहिली. पॅरिसमधील चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. 1837 मध्ये त्यांच्या लिपीची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत टोचावयास कठीण अशा रेघा गेल्या आणि ठिपकेच राहिले. 1839 मध्ये त्यांनी डोळसांना वाचता यावीत अशी नेहमीची अक्षरे ठिपक्यांनी काढण्याची आणखी एक पद्धती प्रसिद्ध केली. घरी आईला पत्र लिहावयाचे तर ते तिला वाचता आले पाहिजे. म्हणजे स्वतःसाठी एक लिपी आणि जगासाठी दुसरी. त्यांनी दोहोंची गल्लत कधी केली नाही.

ती गल्लत इतरांनी केली. 1840 मध्ये संस्थेचे संचालक बदलले आणि नव्या संचालकांनी ठिपक्यांच्या लिपीस थारा दिला नाही. अंधांना वेगळी लिपी दिल्यास ते समाजापासून तुटतील, असा युक्तिवाद होता. वरकरणी तो उदार वाटतो. त्यामागे डोळस शिक्षकांची सोय किती होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. जे आपल्याला वाचता येत नाही ते विद्यार्थ्याने लिहू नये, हा आग्रह शाळांतून आजही अपरिचित नाही. मुलांनी मात्र ती लिपी आपसात चालू ठेवली. वर्गातील टिपण, गाण्याचे स्वर, मित्राला चिठ्ठी यांसाठी दुसरे साधनच नव्हते. अखेर 1844 मध्ये, नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी, याच संचालकांच्या कारकिर्दीत लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

तोवर ब्रेल यांची प्रकृती ढासळली होती. तिशीच्या आतच क्षयाची लक्षणे दिसू लागली होती. शिकविणे कमी करीत करीत थांबवावे लागले. 6 जानेवारी 1852 रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली नाही. फ्रान्समध्ये अंधांच्या शिक्षणासाठी ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली गेली ती 1854 मध्ये. शंभर वर्षांनी, 1952 मध्ये, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथिऑनमध्ये राष्ट्रपुरुषांच्या शेजारी नेण्यात आले. हात मात्र कुप्वरेच्या दफनभूमीत ठेवले गेले.

त्यांच्यामागे एक लहानशी पेटी राहिली. ती न उघडता जाळून टाकावी, अशी त्यांची सूचना होती. मित्र आणि चरित्रकार इपोलित कोल्ता यांच्या वृत्तान्तानुसार, जाळण्यापूर्वी ती उघडण्याचा मोह आवरला नाही. आत विद्यार्थ्यांनी वेळोवेळी त्यांच्याकडून उसने घेतलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या मग ज्वाळांत टाकण्यात आल्या.