खोल्या मोजणारा आरोग्याधिकारी

१९०० साली लंडनमध्ये नव्या विभागीय नगरपालिका अस्तित्वात आल्या, तेव्हा फिन्सबरीच्या नगरपालिकेने जॉर्ज न्यूमन या तिशीच्या उंबरठ्यावरील डॉक्टरांना आरोग्याधिकारी नेमले. फिन्सबरीचे नाव आपल्याला परिचित आहे ते दादाभाई नौरोजींमुळे; १८९२ मध्ये ते याच भागातून पार्लमेंटवर निवडून आले होते. लाखभर वस्तीच्या या भागात घड्याळाचे आणि जवाहिराचे कारागीर एकमेकांना खेटून राहत, आणि असंख्य कुटुंबांचे सारे बिऱ्हाड एका खोलीत मावत असे.

क्वेकर पंथीय घरातले न्यूमन मूळचे जंतुशास्त्राचे अध्यापक. त्यांच्या हाताखालचे निरीक्षक जिने चढून गटारे तपासत, खोलीत माणसे किती निजतात ते मोजत. १९०१ च्या कारखाना कायद्याने त्यांत लहान कार्यशाळांची आणि घरी काम नेऊन मजुरी करणाऱ्यांची भर पडली. तळघरातील बेकऱ्यांना १९०४ पासून नगरपालिकेच्या दाखल्यावाचून पाव भाजता येईना. हे सारे आवश्यकच होते. तथापि दाटीबद्दल नोटीस मिळालेले कुटुंब जाणार कोठे? भाडे तेच, मजुरी तीच. ते शेजारच्या गल्लीतील तशाच खोलीत शिरे. निरीक्षकाच्या अधिकारात खोली होती, भाडे नव्हते.

न्यूमन यांचे मोठेपण असे की, त्यांनी नोटिसांपुढे जाऊन हिशेब मांडला. १९०५ मध्ये फिन्सबरीत एका खोलीच्या घरांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी २१९ मुले वर्षाच्या आत दगावली. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हा आकडा ९९ होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट कोष्टक क्वचितच मिळेल. आणि तरीही १९०६ च्या बालमृत्यूवरील ग्रंथात त्यांनी मुख्य भर दिला तो मातांच्या अज्ञानावर. मातांना शिकवणे स्वस्त होते, घरे बांधणे महाग. नगरपालिकांना कोणता निष्कर्ष रुचला असेल हे सांगावयास नको.

पुढे ते चढत गेले. १९०७ पासून शालेय वैद्यकीय तपासणी त्यांनी उभी केली आणि कोट्यवधी मुलांना तिचा लाभ झाला. १९१९ ते १९३५ या काळात ते आरोग्य मंत्रालयाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी होते. परंतु मंदीच्या वर्षांत बेकारांच्या कुपोषणाची ओरड झाली, तेव्हा त्यांच्या वार्षिक अहवालांचा सूर दिलाशाचाच राहिला. त्याच सुमारास स्टॉकटनचे आरोग्याधिकारी मॅकगोनिगल यांना भलतेच आढळले: गलिच्छ वस्तीतून नव्या, हवेशीर घरांत नेलेल्या कुटुंबांतील मृत्यूचे प्रमाण वाढले होते. गटारे उत्तम होती, खोल्याही पुरेशा होत्या. वाढीव भाडे दिल्यावर अन्नासाठी पुरेसे पैसे मात्र उरत नव्हते.