ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

१८ जानेवारी हा दिवस आम्हां निफाडकरांस न्यायमूर्ती रानडे यांच्या जन्मामुळे परिचित आहे. ते येथे १८४२ साली जन्मले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५४ साली, त्याच तारखेस व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म झाला. पंचांगवाद्यांत चित्रापक्षाचे कैवारी म्हणून त्यांचे नाव गाजले. परंतु सूर्यमालेच्या सीमेविषयी त्यांनी केलेला तर्क फार थोड्यांस ठाऊक असेल.

केतकर पेशाने शाळामास्तर. बागलकोटास मुलांना शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी 'ज्योतिर्गणितम्'सारखे संस्कृत ग्रंथ रचले. दुर्बिणीपेक्षा त्यांची भिस्त आकड्यांवर होती. गुरूच्या आतल्या तीन मोठ्या चंद्रांपैकी पहिला चार फेरे करतो तोवर दुसरा सुमारे दोन व तिसरा एक करतो. या मेळाचा नियम लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखविला होता. सृष्टिकर्त्याने चंद्रांस लावलेले प्रमाण ग्रहांस का लावले नसेल? केतकरांनी त्याच धर्तीवर युरेनस व नेपच्यून यांचे गणित मांडले, आणि नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे अनुमान काढले. त्यांस नावे दिली ब्रह्मा व विष्णू. १९११ साली हा लेख फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या मासिकात छापून आला. ब्रह्म्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, असा त्यांचा हिशेब होता.

१९३० सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतून प्लूटोच्या शोधाची वार्ता आली. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट, काळ सुमारे २४८ वर्षे!

येथे टाळी वाजविण्याची घाई आम्ही करणार नाही. चार ग्रहांत लाप्लासच्या धर्तीचा मेळ असल्याचे पुढे ठरले नाही, व सांगितल्या जागी विष्णूही सापडला नाही; तेव्हा आकडे जुळले ते बव्हंशी योगायोगाने. प्लूटो स्वतः इतका लहान निघाला की २००६ साली त्यास ग्रहांच्या पंक्तीतून उठविण्यात आले. तथापि नेपच्यूनचे तीन फेरे होतात तेव्हा प्लूटोचे दोन होतात, हा मेळ १९६०नंतरच्या गणिताने सिद्ध झाला. तर्काची दिशा अगदीच वांझ नव्हती.

प्लूटो हे नाव ऑक्सफर्डच्या एका अकरा वर्षांच्या शाळकरी मुलीने सुचविले होते. ते मे महिन्यात मुक्रर झाले. केतकर ३ ऑगस्ट १९३० रोजी विजापुरास निवर्तले.