पुसदचे वसंतराव नाईक : मतदारसंघ एक, राज्ये तीन

दरवर्षी १ जुलैला शाळेत कृषी दिन असतो. वसंतराव नाईक यांच्या फोटोला हार घातला जातो, दोन मुले पाठ केलेले भाषण करतात, अंगणात रोपे लावली जातात. नाईक साहेब सर्वांत जास्त काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले आणि त्यांनी शेती सुधारली, एवढे मुलांना तोंडपाठ असते. पण आम्ही नागरिकशास्त्र शिकवतो, तेव्हा त्यांचे आयुष्य आम्हाला वेगळ्याच कामाला येते. मतदारसंघ म्हणजे काय आणि त्याची हद्द का सरकते, हे समजावायला यवतमाळ जिल्ह्यात याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचा. घर बंजारा समाजाचे, वडील फुलसिंग नाईक. आता बघा, या जन्माच्या आठच वर्षे आधी पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यात नव्हताच, तो वाशिम जिल्ह्यात होता. १९०५ साली इंग्रजांनी वाशिम जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले आणि पुसद आमच्याकडे आले. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचे, कारभार मात्र इंग्रजांचा. पैनगंगा ओलांडली की पलीकडे निजामाचीच प्रत्यक्ष हुकूमत. आपल्या बुजुर्गांच्या सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर होत्या, त्यामुळे नवरदेव एका राज्यातला आणि नवरी दुसऱ्या राज्यातली, असे सर्रास व्हायचे.

वसंतरावांची सुरुवातीची शाळा आसपासच्या खेड्यांत झाली. पुढे नागपूरला हायस्कूल, मग मॉरिस कॉलेज. १९३८ ला बी.ए., १९४० ला एल.एल.बी. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी लग्न केले. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. त्या काळी हे पचवणे कोणत्याच बाजूला सोपे नव्हते. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली घेतले, नंतर पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले.

त्याच १९४६ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या असेंब्लीची निवडणूक झाली, आणि तिथे जरा थांबायला हवे. त्या असेंब्लीत ११२ जागा होत्या, त्यांतल्या १४ मुसलमानांच्या. या जागांवर उमेदवार मुसलमान आणि मतदारही फक्त मुसलमान. म्हणजे एकाच गल्लीत शेजारी राहणाऱ्या दोघांचे मतदारसंघ वेगळे. तेही मत सगळ्यांना नव्हतेच. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि आपल्यातल्या मजूर, विणकर, गरीब बायाबापड्यांची नावे यादीत नसायचीच. संविधान आले, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एकाच यादीत एक मत मिळाले. आपल्या समाजासाठी हा बदल छोटा नव्हता. हातची जागा गेली, असे वाटणारे लोक होते. पण त्याच यादीत पहिल्यांदा आपल्या दादी-नानीचे नाव आले, हेही खरे.

नाईकांच्या समाजाची गोष्ट या बाबतीत आपल्यासारखीच. विधानसभेत राखीव जागा अनुसूचित जाती आणि जमातींना असतात. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत मोडतात, म्हणून त्यांना राखीव मतदारसंघ नाही. वणीच्या पुढे तेलंगणात गेलो की तिथला लंबाडा, म्हणजे हाच समाज, अनुसूचित जमातीत आहे. तांडा तोच, बोली तीच, राज्याची हद्द ओलांडली की हक्क बदलतो. नाईक साहेब निवडून आले ते सर्वसाधारण जागेवरून. पुसद भागात कुणबी-मराठा, आंध आदिवासी, दलित, मुसलमान, बंजारा सगळे आहेत. एकट्या तांड्याच्या मतांवर तिथे निवडून येणे शक्य नव्हते. १९५२, १९५७, १९६२, १९६७, १९७२ अशा पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या.

गंमत अशी, की आमदार पुसदचेच आणि राज्ये मात्र तीन. १९५२ ला ते मध्य प्रदेश विधानसभेत गेले. २३२ जागांच्या त्या राज्याची राजधानी नागपूर होती. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. मग राज्य पुनर्रचना आयोग आला. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती सय्यद फजल अली. या आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. ती मानली असती तर नाईक मुंबईत मुख्यमंत्री झालेच नसते, आणि आपणही आज वेगळ्याच राज्यात राहत असतो. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. पुसदच्या मतदाराची राजधानी रातोरात नागपूरहून मुंबईला सरकली, गुजरातचे लोक त्याच सभागृहात बसले. १९५७ ला त्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. नाईक तिथे आधी सहकार आणि मग शेती खात्याचे मंत्री होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि ते महसूलमंत्री झाले. मुलांना आम्ही फळ्यावर पुसदचा एक ठिपका काढून देतो आणि त्याभोवती तीन वेगवेगळ्या रेघा मारतो. नंतर समजवावे फार लागत नाही.

मारोतराव कन्नमवार यांचे अचानक निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईक मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून जास्त. संकरित ज्वारी, रोजगार हमी, १९७२ चा दुष्काळ, कृषी विद्यापीठे हे सगळे याच काळातले, आणि ते पाठ्यपुस्तकात आहे. रफिक झकेरिया आणि अंतुले त्यांच्या मंत्रिमंडळात होते. पण मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाडला दंगली झाल्या त्याही याच सरकारच्या काळात. चौकशीसाठी त्यांच्या सरकारने न्यायमूर्ती मादन आयोग नेमला आणि त्या आयोगाने पोलिसांवर कडक ताशेरे ओढले. कृषी दिनाच्या भाषणात हे कोणी बोलत नाही. आपल्या घरांत मात्र ते विसरलेले नाही, म्हणून इथे लिहिले.

या काळात विधानसभाही वाढत गेली. १९६२ ला २६४ जागा, १९६७ ला २७०, आणि १९७१ च्या जनगणनेवरून केलेल्या पुनर्रचनेनंतर १९७८ ला २८८. तोपर्यंत नाईकांनी पुसद सोडले होते. १९७७ ला ते लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले, तेही वाशिममधून. ज्या वाशिम जिल्ह्यातून त्यांचा तालुका १९०५ ला तोडला होता, त्याच नावाच्या मतदारसंघाने त्यांना शेवटी दिल्लीला पाठवले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूर इथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी याच वाशिममधून काश्मीरचे गुलाम नबी आझाद खासदार झाले, १९८४ लाही झाले. मतदार मुख्यत्वे हिंदू आणि उमेदवार हजारो मैलांवरचा मुसलमान. आज हे मुलांना सांगितले की ती आमच्याकडे बघत राहतात.

१९७६ मध्ये जागांची संख्या गोठवली. पुढे ती गोठवणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. पण राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेवरून न्यायमूर्ती कुलदीप सिंह आयोगाने नव्याने आखल्या आणि २००८ ला त्या लागू झाल्या. महाराष्ट्राच्या जागा २८८ च राहिल्या, पण यवतमाळ जिल्ह्याच्या आठाच्या सात झाल्या. दारव्हा आणि केळापूर ही नावे गेली. दारव्हा आणि नेर दिग्रस मतदारसंघात गेले, नव्या आर्णीची जागा आदिवासींसाठी आणि उमरखेडची अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. लोकसभेला तर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले : वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, बाकीचे चार यवतमाळ-वाशिममध्ये. वाशिम पुन्हा सोबत आले. पैनगंगा, जी एके काळी निजामाची सरहद्द होती, ती आता हिंगोली मतदारसंघाच्या मधून वाहते.

आयोग आधी मसुदा छापतो, हरकती मागवतो, जाहीर बैठक घेतो. २००८ च्या आधीही हे सगळे झाले. आम्ही तेव्हा नवीन शिक्षक होतो, पेपरमध्ये वाचले आणि बाजूला ठेवले. आमच्या मोहल्ल्यातून एकही हरकत गेल्याचे आम्हाला आठवत नाही. कोणते वॉर्ड, कोणती मंडळे एकत्र राहतात यावर आपली मते एका जागी राहतात की दोन जागी फुटतात ते ठरते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले, बीएलओची ड्युटी लागल्यावर. मतदार यादी घेऊन दारोदार फिरताना दारव्ह्याच्या एका खालाजानने विचारले होते, की बेटा, आमचा आमदार दिग्रसचा कसा झाला? आम्ही उंबरठ्यावर बसून तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, मग त्या वेळी विचारायला का नाही आलात?

पुढची जनगणना झाली की मसुदा पुन्हा निघेल. तालुक्याचा नकाशा आणि आपल्या वॉर्डाची यादी आम्ही शाळेच्या कपाटात काढून ठेवली आहे.