रसायनाचार्य फ्रिट्झ हाबर

पहिल्या महायुद्धाची चर्चा निघाली म्हणजे कैसर विल्हेल्म, लॉइड जॉर्ज, क्लेमांसो, हिंडेनबुर्ग ही नावे ओघानेच येतात. युद्ध का पेटले आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा, याविषयी इतिहासकारांत अजूनही एकमत नाही. साराजेव्हो येथे २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ही ठिणगी होती. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील चुरस, परस्परांना दिलेली वचने आणि वाढत चाललेली सैन्ये यांनी दारूचे कोठार आधीच भरून ठेवले होते. या वादात एक साधा प्रश्न मात्र अनेकदा विसरला जातो. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची समुद्रवाट अडविल्यावर त्या देशातील दारूगोळा वर्षभरात संपावयास हवा होता. तो चार वर्षे कसा पुरला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, म्हणजे एका रसायनशास्त्रज्ञाचे नाव पुढे येते. त्याचे नाव फ्रिट्झ हाबर.

हाबरचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ या शहरी झाला. हे शहर त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे. फ्रिट्झच्या जन्मानंतर तीनच आठवड्यांनी त्याची आई वारली. वडील रंग व औषधे यांचे मोठे व्यापारी होते. घराणे ज्यू होते. जर्मनीत त्या काळी ज्यूंना कायद्याने समान हक्क मिळाले होते. तथापि सैन्यातील अधिकारपद किंवा विद्यापीठातील मोठी जागा त्यांना सहसा मिळत नसे. आपण इतर कोणत्याही जर्मन माणसाइतकेच जर्मन आहोत, हे सिद्ध करण्याची तळमळ हाबरला तरुणपणापासून लागली होती. पुढे त्याने ख्रिस्ती धर्मही स्वीकारला. त्याच्या आयुष्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा या एका तळमळीने होतो.

१८९१ मध्ये बर्लिन येथे डॉक्टर ही पदवी मिळविल्यावर तो काही काळ वडिलांच्या पेढीत बसला. १८९२ साली हाम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली. जंतुनाशक चुन्याला आता अतोनात मागणी येईल, असा तर्क लढवून त्याने वडिलांकडून त्याचा मोठा साठा खरेदी करविला. साथ लवकरच आटोक्यात आली आणि माल तसाच पडून राहिला. मुलाने व्यापारापेक्षा विद्यापीठात जावे हे बरे, असे वडिलांनी तेव्हाच ठरविले, असे सांगतात. १८९४ मध्ये हाबर कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यालयात रुजू झाला. तेथे त्याने इतके काम केले की, बारा वर्षांत तो प्राध्यापक झाला. १९०१ साली त्याने क्लारा इमरवार हिच्याशी विवाह केला. क्लारा स्वतः विदुषी होती. ब्रेस्लाऊ विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री. विवाहानंतर मात्र तिचे संशोधन मागे पडले ते कायमचेच.

हाबरची खरी कीर्ती एका कोड्यावर उभी आहे. आपल्या भोवतालच्या हवेत पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग नत्रवायू असतो. नत्रावाचून कोणतेही पीक वाढत नाही. तरी हा वायू पिकांना थेट घेता येत नाही. त्याच्या अणूंच्या जोड्या एकमेकांना इतक्या घट्ट धरून असतात की, त्या सहसा सुटत नाहीत. हरभरा, तूर यांसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू ही जोडी फोडू शकतात. हरभऱ्याचा बेवड आपला शेतकरी चांगला मानतो, तो यामुळेच. युरोपातील शेते मात्र शेणखतावर आणि दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या वाळवंटातून जहाजांनी येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती. १८९८ मध्ये विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने जगाला इशारा दिला की, सोऱ्याचे साठे संपत जातील, खाणारी तोंडे वाढत जातील, आणि रसायनशास्त्राने हवेतील नत्र पकडण्याची युक्ती काढली नाही, तर गव्हाचा तुटवडा पडेल.

नत्रवायू आणि हायड्रोजन यांचा संयोग घडविला, तर अमोनिया मिळतो व अमोनियापासून खत करता येते, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु संयोग घडविण्यासाठी उष्णता द्यावी, तर त्याच उष्णतेने तयार झालेला अमोनिया पुन्हा फुटून जाई. १९०७ मध्ये वाल्टर नेर्न्स्ट या विख्यात शास्त्रज्ञाने भरसभेत हाबरचे आकडे चुकीचे ठरविले. हा अपमान हाबरच्या जिव्हारी लागला. रॉबर्ट ल रॉसिन्योल या तरुण इंग्रज सहकाऱ्याला बरोबर घेऊन तो पुन्हा कामाला लागला. उष्णतेच्या जोडीला प्रचंड दाब द्यावयाचा, असा मार्ग त्यांनी धरला. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट दाब सहन करील असे पात्र आणि त्याच्या झडपा तयार करणे सोपे नव्हते. ते कौशल्य ल रॉसिन्योलचे. क्रिया जलद व्हावी म्हणून त्यांनी ऑस्मियम हा दुर्मीळ धातू वापरला.

जुलै १९०९ च्या आरंभी एका मोठ्या रंगकारखान्याचे तज्ज्ञ प्रयोग पाहण्यास आले. नेमका त्याच वेळी उपकरणाचा एक खिळा निखळला आणि कित्येक तास दुरुस्तीत गेले. कार्ल बॉश हा अभियंता कंटाळून निघून गेला. मागे राहिलेल्या आल्विन मिटाश याने मात्र द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने नळीत चढत असल्याचे डोळ्यांनी पाहिले. पुढे याच मिटाशने हजारो प्रयोग करून ऑस्मियमच्या जागी स्वस्त असे लोखंडाचे मिश्रण शोधले, आणि याच बॉशने प्रयोगशाळेतील लहानशा पात्राचे अवाढव्य कारखान्यात रूपांतर केले. ऱ्हाईन नदीकाठी ओपाऊ येथे १९१३ मध्ये हा कारखाना सुरू झाला. आज जगातील सुमारे निम्म्या माणसांचे अन्न या रीतीने केलेल्या खतांवर पिकते, असा अंदाज आहे. मुंबईतील ट्रॉम्बे आणि अलिबागजवळील थळ येथे तयार होणाऱ्या युरियाचे मूळही याच रीतीत आहे.

१९११ मध्ये हाबरला बर्लिनजवळील डालेम येथे नव्या संशोधनसंस्थेचा संचालक नेमण्यात आले. आता त्याच्या तळमळीला फळ आले होते. अशा वेळी १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले.

जर्मन सेनापतींनी काही महिन्यांत विजय मिळेल, या हिशेबानेच साठा केला होता. स्फोटक द्रव्ये करण्यासही नत्रच लागते, आणि ते चिलीच्या सोऱ्यातून येत असे. इंग्रज आरमाराने तो सोरा बंद पाडला. या अडचणीतून जर्मनी सुटला तो अमोनियामुळे. बॉशच्या कारखान्याने १९१५ मध्ये अमोनियाचे शोरामूळ द्रव्यांत रूपांतर करण्यास आरंभ केला; १९१७ मध्ये लॉयना येथे आणखी मोठा कारखाना निघाला. शेतासाठी काढलेली रीत तोफांच्या कामी आली. ल रॉसिन्योल त्या वेळी जर्मनीतच होता. इंग्रज म्हणून त्याला स्थानबद्धतेत ठेवण्यात आले.

हाबर एवढ्यावर थांबला नाही. सैन्ये खंदकांत अडकून पडली होती. कोणी कोणास हटवू शकत नव्हते. क्लोरीन हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो खंदकांत उतरेल आणि शत्रूला बाहेर काढील, अशी योजना हाबरने सैन्यापुढे मांडली. तिच्यासाठी त्याने जी माणसे गोळा केली, त्यांत ओटो हान हा तरुण शास्त्रज्ञ होता. हेग येथील करारांनी विषारी अस्त्रांना बंदी केली आहे, ही गोष्ट हानने त्याच्या नजरेस आणून दिली. त्यावर हाबरचे म्हणणे असे होते की, फ्रेंचांनी वायू आधीच वापरला आहे, आणि युद्ध लवकर संपले तर असंख्य प्राण वाचतील. पहिले कारण लंगडे होते. फ्रेंचांनी वापरला होता तो डोळ्यांना झोंबणारा वायू. दुसरे कारण मात्र प्रत्येक नव्या अस्त्राबरोबर पुढे येते, आणि ऐकणाऱ्यास ते पटतेही. हानला ते पटले. माक्स बोर्न या दुसऱ्या शास्त्रज्ञाला पटले नाही. त्याने या कामात भाग घेतला नाही.

बेल्जममधील ईप्र या गावाजवळ पाच हजारांहून अधिक नळकांडी सहा किलोमीटर लांबीच्या आघाडीवर पुरून ठेवण्यात आली. अनुकूल वाऱ्याची कित्येक दिवस वाट पाहावी लागली. २२ एप्रिल १९१५ रोजी सायंकाळी वारा फिरला. हिरवट पिवळा ढग जमिनीलगत सरकत फ्रेंच व आल्जीरियन सैनिकांच्या खंदकांकडे गेला. श्वास कोंडून माणसे कोसळली. उरलेली मागे पळाली. आघाडीला मोठे खिंडार पडले. परंतु त्यातून पुढे जाण्यास जर्मनांपाशी पुरेसे सैन्यच नव्हते. युद्ध लवकर संपले नाही. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला याच रणांगणावर विषारी वायूला तोंड द्यावे लागले. त्या दिवशी जमादार मीर दस्त याने जखमी अधिकाऱ्यांना माऱ्यातून बाहेर काढले, व त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच महिन्यांनी इंग्रजांनीही वायू सोडला. पुढे दोन्ही पक्ष अधिकाधिक भयंकर वायू वापरू लागले.

हाबरला कॅप्टनचे पद मिळाले. ज्यू कुळात जन्मलेल्या माणसाला प्रशियात हा मान दुर्लभ होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ मे १९१५ रोजी, क्लाराने आपल्या हाताने आपल्या जीवनाचा शेवट केला. तिला वायुयुद्धाचा तिटकारा होता, असे अनेक चरित्रकार लिहितात. तिच्या मनात आणखी कोणती दुःखे होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. हाबर लगेच पूर्वेकडील आघाडीवर निघून गेला. घरी बारा वर्षांचा मुलगा हेर्मान राहिला.

हाबरच्या नावाबरोबर लोकांना वायूची आठवण होते. पण नीट विचार केला तर वेगळीच गोष्ट दिसते. त्या युद्धात वायूमुळे सुमारे नव्वद हजार माणसे मेली, असा अंदाज केला जातो. एकूण मेलेल्या सैनिकांची संख्या नव्वद लाखांच्या वर आहे. त्यांतील बहुतेकांचा बळी तोफगोळ्यांनी घेतला. जर्मन तोफगोळ्यांतील दारू हवेतील नत्रापासून होत होती. म्हणजे ज्या शोधाला सारे जग धन्य म्हणते, त्या शोधाने विषारी वायूपेक्षा अधिक माणसे मारली, आणि युद्ध वर्षानुवर्षे लांबविले. दोन्ही गोष्टी एकाच भट्टीतून बाहेर पडल्या. ओपाऊ येथे २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्याच साठ्याचा मोठा स्फोट झाला व पाचशेहून अधिक लोक प्राणास मुकले. त्या वेळी कोठे युद्ध नव्हते.

अमोनियाच्या शोधासाठी १९१८ सालचे नोबेल पारितोषिक हाबरला युद्धानंतर जाहीर झाले, तेव्हा फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी कडक निषेध केला. जर्मनीवर लादलेली प्रचंड खंडणी फेडण्यासाठी समुद्राच्या पाण्यातून सोने काढावे, अशी कल्पना नंतर हाबरच्या मनात आली. त्याने जहाजातून दूरदूरचे पाणी आणून तपासले. सोने होते, पण अपेक्षेहून इतके अत्यल्प की, तो नाद सोडणे भाग पडले. देशासाठी काही तरी करण्याची त्याची हौस अजून सरली नव्हती.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यूंना सरकारी नोकरीतून काढून टाकण्याचा कायदा एप्रिलमध्ये झाला. युद्धातील सेवेमुळे हाबरला स्वतःला सवलत होती. पण आपल्या संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांना त्याने घरी पाठवावे, असा हुकूम आला. ३० एप्रिल रोजी त्याने राजीनामा दिला. सहकारी निवडताना आपण त्यांची बुद्धी आणि चारित्र्य पाहिले, त्यांच्या आज्या कोण होत्या ते पाहिले नाही, असे त्याने सरकारला स्पष्ट कळविले. हाबरच्या आयुष्यातील हे कृत्य निःसंशय थोर आहे. तो केंब्रिजला गेला. एकेकाळच्या शत्रूंपैकी काहींनी त्याला आश्रय दिला; अर्नेस्ट रदरफर्डने मात्र वायुयुद्धाच्या जनकाची भेट घेण्याचे नाकारले. प्रकृती ढासळली होती. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या शहरी त्याचा मृत्यू झाला.

पुढल्या वर्षी त्याच दिवशी वृद्ध माक्स प्लांकने डालेम येथे त्याची स्मृतिसभा बोलाविली. सरकारने प्राध्यापकांना जाण्यास मनाई केली, तरी सभागृह भरले. कित्येक प्राध्यापकांच्या पत्नी पतींच्या जागी येऊन बसल्या होत्या. हेगच्या कराराची आठवण करून देणारा ओटो हानही त्या सभेत बोलला. काही वर्षांनी दुसरे महायुद्ध आले. हाबरच्या संस्थेत कीड मारण्यासाठी झालेल्या संशोधनातून पुढे एक वायू तयार करण्यात आला होता. तो नाझींनी छळछावण्यांत माणसे मारण्यास वापरला. हाबरचे काही आप्तही त्या छावण्यांत मेले.

बाझेलच्या दफनभूमीत, हाबरच्या इच्छेप्रमाणे, क्लाराच्या अस्थी आणून त्याच्या शेजारी ठेवण्यात आल्या. डालेमच्या संस्थेला १९५३ पासून फ्रिट्झ हाबर याचेच नाव आहे.