बाळंतिणीच्या उशाशी : सावित्रीबाई फुले



नव्या करारातील ग्रीक शब्दांना योग्य मराठी प्रतिशब्द शोधणे हे माझे नित्याचे काम. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूताचा निरोप ऐकून मरीया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते. मूळ ग्रीकमध्ये तेथे दूले असा शब्द आहे. हाच शब्द डूला या रूपाने आज प्रसूतिगृहांच्या दाराशी येऊन उभा राहिलेला दिसतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डॅना राफेल या अमेरिकन विदुषीने तो बाळंतिणीच्या सोबतिणीसाठी योजिला आणि पुढे तो रूढ झाला. डूला ही डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे आणि सुईणही नव्हे. गर्भारपणात स्त्रीला धीर देणारी, कळा सुरू झाल्यावर तिचा हात धरून बसणारी, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे माय-लेकरांना सांभाळू लागणारी अशी ती जाणती सोबतीण होय. आपल्या मोठ्या शहरांतून हे काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. परंतु त्यांचे शुल्क बहुधा त्या त्या कुटुंबालाच भरावे लागते.

ज्या भिलाईत बसून मी हे लिहीत आहे, त्या नगरीत पोलादाच्या कारखान्यासाठी १९५५ नंतर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. नोकरी मिळाली, घर मिळाले. पण लेकीसुनांचे माहेर दूर राहिले. पूर्वी आई, आत्या, मावशी, शेजारची जाणती आजी जे करीत, ते आता कोणी करावे? आणि ते पैसे देऊनच मिळणार असेल, तर जिच्यापाशी पैसा नाही तिने काय करावे? वाचकहो, हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. परंतु १८६३ साली पुण्यातील एका घराने त्याला आपल्या परीने उत्तर दिले होते. त्या घरच्या गृहिणीला आपण सारे आद्य शिक्षिका म्हणून ओळखतो. तिच्या जीवनाची जी बाजू त्या मानाने कमी सांगितली जाते, ती आज आपणापुढे ठेवीत आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. पतीने त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढे अध्यापनाचे शिक्षण त्यांनी मिशनरी स्त्रियांच्या हाताखाली घेतले. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार आणि पुण्यात मिचेलबाई या त्यांच्या शिक्षिका होत्या. आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाशी त्यांच्या जीवनाचा एक धागा येथे जुळतो. मात्र सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, हेही आपण प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पतीसमवेत त्यांनी सत्यशोधकाचा मार्ग धरिला आणि अखेरपर्यंत त्या त्याच मार्गाने चालल्या.

१८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, शाळेच्या वाटेवर अंगावर शेणमाती पडली, १८४९ साली सासऱ्यांचे घर सोडावे लागले, हा सारा वृत्तान्त आपण शालेय पुस्तकांतून वाचलेला आहे. म्हणून त्यावर मी थांबत नाही. एवढेच ध्यानात ठेवू या की लोकनिंदा काय असते ते या दांपत्याने ऐन तारुण्यात अनुभवले होते. पुढील कार्याला तो अनुभव उपयोगी पडणार होता.

त्या काळी उच्चवर्णीय घरांतील बालविधवांची स्थिती अत्यंत करुण होती. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण रूढीपुढे तो दुबळा ठरला. घरातल्याच किंवा शेजारच्या एखाद्या पुरुषाने अशा मुलीला फसविले आणि ती गर्भवती झाली, तर तो पुरुष उजळ माथ्याने हिंडत असे. सारा कलंक तिच्या एकटीच्या कपाळी येई. गर्भ पाडण्यासाठी तिला जहाल औषधे दिली जात. त्यातूनही मूल जन्मलेच तर ते लपविण्याचा एकच मार्ग तिला दिसे. जन्म लपविणे आणि अर्भकाचा जीव घेणे हे दंडसंहितेनुसार गुन्हे होते. म्हणजे आधी फसवणूक, मग विषारी औषध, मग एकाकी बाळंतपण आणि शेवटी न्यायालय, असा तिचा प्रवास होई.

१८६३ साली असेच एक प्रकरण फुले दांपत्याच्या अगदी जवळ घडले. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसविले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न निष्फळ झाले, मूल जन्मले, आणि भयाने वेडावलेल्या त्या मातेने ते मारून विहिरीत टाकले. न्यायालयाने तिला जन्मठेपेची शिक्षा देऊन अंदमानला पाठविले. जिने अपराध केला तिला दंड झाला. ज्याने तिला त्या कड्यापर्यंत लोटले, त्याचे काही बिघडले नाही.

या घटनेनंतर लगेच फुल्यांनी पुण्यातील आपल्या स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यांनी जाहीर पत्रके भिंतींवर लाविली. त्यांतील आशय असा होता की, विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवावे हे आपल्या इच्छेने ठरवावे. वाचकहो, या शेवटच्या सवलतीकडे आपण लक्ष द्यावे. जिचे कोणी काही विचारीत नव्हते, तिला तेथे तिची इच्छा विचारली गेली.

पत्रक लाविणे सोपे असते. बाळंतपण निभावणे कठीण असते. ते सावित्रीबाईंच्या वाट्याला आले. ज्या कोणी बाळंतपणाच्या घरात वावरल्या असतील, त्यांना हे काम काय असते ते सांगावयास नको. रात्रीबेरात्री दार उघडावयाचे, घाबरलेल्या मुलीला आत घ्यावयाचे, कळांच्या वेळी उशाशी बसावयाचे, शेकशेगडी, न्हाणे, धुणे, पथ्याचे जेवण, रडणारे मूल, आणि या सर्वांहून अवघड म्हणजे तिच्या मनातील लज्जा व भीती. सावित्रीबाईंना स्वतःचे मूल नव्हते. समाजाने ज्यांना वांझ म्हणून हिणवावे, अशांपैकी त्या एक होत्या. तरीही परक्यांची बाळंतपणे त्यांनी आपल्या लेकीची करावीत तशी केली. त्या काळी सुईणीलाही धान्य, नारळ, लुगडे-चोळी असे काही ना काही मिळे. येथे येणारीच्या पदरात देण्यासारखे काही नव्हते, आणि तिच्याकडून काही अपेक्षिले जात नव्हते.

मग या सेवेचा खर्च कोण उचलीत होते? जोतीराव सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे घेत. मांजरीला त्यांची शेती होती. फुल्यांचे घर, फुल्यांची चूल आणि गृहिणीचे कष्ट, यांवर हे गृह उभे होते. याशिवाय आणखी एक मोल होते, ते पैशात मोजता येत नाही. ज्या उच्चवर्णीय घराण्यांची अब्रू झाकली जात होती, त्याच समाजातून या दांपत्याला शिव्याशाप मिळत होते. सेवा कधीच फुकट होत नसते. घेणारीने मोल दिले नाही, तर ते दुसऱ्या कोणी तरी दिलेले असते.

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. १८८४ साली जोतीरावांनी विधवांच्या प्रश्नावर इंग्रजीत एक टिपण लिहिले. त्यात या गृहाचा हिशेब दिलेला आहे. तोवर ठिकठिकाणच्या ३५ ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी फक्त ५ जगली. उरलेली ३० दगावली, कारण आयांनी गर्भ लपविण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा झालेली होती. चरित्रे लिहिताना असे आकडे गाळण्याचा मोह होतो. जोतीरावांनी ते गाळले नाहीत. आपणही गाळू नयेत. सावित्रीबाईंच्या सेवेत उणे होते म्हणून ही मुले गेली नाहीत. त्या स्त्रिया त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घात झालेला होता. बाळंतपणाच्या दिवशी मिळालेला आधार मोलाचा खरा, पण तो गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांपासून मिळाला पाहिजे. तोवर ती एकटी राहिली, तर पुढची सर्व माया उशिरा पोहोचते. हा धडा त्या ३० अर्भकांनी आपल्यासाठी मागे ठेविला आहे.

जगलेल्यांपैकी एका बालकाचे नाव यशवंत. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी तो जन्मला, आणि १८७४ साली फुले दांपत्याने त्याला आपला पुत्र म्हणून स्वीकारिले. सावित्रीबाईंनी त्याला लहानाचे मोठे केले. १८८७ साली जोतीरावांनी केलेल्या मृत्युपत्रात हाच यशवंत वारस ठरला. भाऊबंदांचा रोष त्यांनी जुमानिला नाही.

दरम्यान काळ पुढे सरकत होता. १८७५ साली पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने व प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली असेच गृह निघाले. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना या देशातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांची गरज आग्रहाने मांडिली. १८८५ साली लेडी डफरिन यांनी निधी उभारिला. स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांना शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता. १८८६ साली मुंबईत एका पारशी दात्याच्या देणगीतून स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. याचा अर्थ असा की, बाळंतिणीचा भार एका घराने वाहण्याऐवजी तो अनेकांनी मिळून वाहावा, हा विचार हळूहळू मूळ धरीत होता. पुण्यातील त्या घराने मात्र निधी, समिती वा आश्रयदाता यांची वाट पाहिली नव्हती.

अखेरची वर्षे ओढगस्तीची गेली. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. त्या दिवसांत मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या कुटुंबासाठी शब्द टाकिला. जिने इतरांच्या लेकीबाळींचा खर्च पाहिला, तिच्या घरखर्चासाठी इतरांना पदर पसरावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन ते हाती घेतले.

यशवंत शिकून डॉक्टर झाले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर माय-लेकांनी रुग्णांसाठी उपचारकेंद्र चालविले. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या एका गायकवाड कुटुंबातील प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणिले. त्यांनाही तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. परक्या लेकराला कवेत घेण्याचे जे काम १८६३ साली हाती घेतले होते, तेच करीत त्यांनी देह ठेविला. यशवंतही पुढे १९०५ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना वारले. ज्याला जन्मण्यापूर्वीच संपविले गेले असते, त्याने आपले आयुष्य असे इतरांच्या आयुष्यासाठी वेचिले.

वाचकहो, आज आपण कोठे आहोत? २००२ साली छत्तीसगडात मितानिन योजना सुरू झाली. मितानिन म्हणजे जिवाभावाची सखी. वस्तीतल्याच स्त्रीने वस्तीतल्या गर्भवतीची विचारपूस करावी, तिला दवाखान्यापर्यंत सोबत करावी, अशी ही रचना. प्रारंभी या सख्यांना मोबदला नव्हता. पुढे कामानुसार प्रोत्साहनपर रक्कम मिळू लागली. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेखाली रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरीब मातेला काही रक्कम मिळते. प्रसूतीच्या वेळी स्त्रीपाशी तिच्या पसंतीची सोबतीण असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुचविले. २०१७ साली २६ अभ्यासांचा आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती अधिक प्रमाणात नैसर्गिकपणे होते, शस्त्रक्रिया कमी लागतात आणि कळांचा काळही काहीसा कमी होतो, असे त्यात दिसून आले. उशाशी बसणे ही केवळ माया नव्हे, ते उपयुक्त कार्य आहे, हे आता मोजून सिद्ध झाले आहे.

म्हणून या सोबतीचे मोल मागणारीला आपण लोभी समजू नये. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे. तसेच ते मोल देऊ न शकणारीला आपण एकटे सोडू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर कोणी तरी भरून काढावे लागते. शासन काही भरील, रुग्णालय काही भरील. उरलेल्याचे काय? आपल्या मंडळीत, आपल्या गल्लीत या महिन्यात कोणाचे दिवस भरत आले आहेत? तिचे माहेर किती दूर आहे? तिच्यापाशी रात्री कोण राहणार आहे, आणि त्या बाईचा दिवसाचा रोजगार बुडाला तर तो कोण देणार आहे? महिला संघाच्या पुढच्या सभेत एवढे प्रश्न विचारले जावेत आणि त्यांपुढे नावे लिहिली जावीत. गंज पेठेतल्या त्या घरी याहून मोठी व्यवस्था नव्हती. एक दार होते, आणि ते उघडणारी एक बाई होती.