ओसामू तेझुका

ओसामू तेझुका (जन्म : तोयोनाका, ओसाका प्रांत, ३ नोव्हेंबर १९२८, मृत्यू : टोकियो, ९ फेब्रुवारी १९८९) हे जपानी चित्रकथाकार व अ‍ॅनिमेशनपटांचे निर्माते होते. पाश्चात्त्य देशांत 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'तेत्सुवान आतोमू' या यंत्रमानव-बालकाचे ते जनक होत. हयातीत ते आपले जन्मवर्ष १९२६ असे सांगत. खरे वर्ष त्यांच्या मृत्यूनंतरच सर्वांना कळले.

बालपण आणि युद्धकाळ

तेझुकांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले. वडिलांनी घरी चित्रपट-प्रक्षेपक आणला होता. आईबरोबर तेथील प्रसिद्ध स्त्री-नाट्यमंडळाचे प्रयोग पाहण्याचीही संधी त्यांना मिळे. कीटकांचा त्यांना अतोनात छंद होता. 'ओसामुशी' नावाच्या भुंगेऱ्यावरून त्यांनी आपल्या नावात 'कीटक' या अर्थाचे चिन्ह जोडले आणि ते पुढे टोपणनाव म्हणून कायम ठेवले.

दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थ्यांना सक्तीने कारखान्यांत धाडले जाई. जून १९४५ मध्ये ओसाकावर बाँबवर्षाव झाला, तेव्हा तेझुका कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होते आणि केवळ दैवयोगाने बचावले. त्यांच्या कथांत मृत्यू इतक्या वारंवार व इतक्या गांभीर्याने का येतो, हे समजून घेताना हा प्रसंग विसरता येत नाही.

वैद्यक आणि चित्रकथा

१९४५ मध्येच त्यांनी ओसाका येथे वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. पुढच्याच वर्षी मुलांच्या वृत्तपत्रात त्यांची पहिली चित्रमालिका आली. १९४७ मधील 'शिन ताकाराजिमा' (नवे रत्नद्वीप) या पुस्तकाने त्यांचे नाव घरोघरी नेले. त्यांनी वैद्यकीची पात्रता मिळवली, १९६१ मध्ये डॉक्टरेटही घेतली. व्यवसाय मात्र कधी केला नाही. ते शिक्षण 'ब्लॅक जॅक' या शल्यविशारदाच्या कथामालेत (१९७३पासून) पुरेपूर कामी आले.

आतोमू

एप्रिल १९५१ मध्ये कोबुन्शा प्रकाशनाच्या 'शोनेन' मासिकात 'आतोमू ताइशी' (आतोमू राजदूत) ही मालिका सुरू झाली. तीत आतोमू दुय्यम पात्र होता. वाचकांना तोच आवडला, म्हणून एप्रिल १९५२ पासून 'तेत्सुवान आतोमू' (पोलादी बाहूंचा आतोमू) ही स्वतंत्र मालिका निघाली व १९६८ पर्यंत चालली. अपघातात मुलगा गमावलेले डॉ. तेन्मा त्याच्या जागी हुबेहूब यंत्रमानव घडवतात. पण तो वाढत नाही, हे ध्यानात येताच त्याला सर्कशीला विकून टाकतात. डॉ. ओचानोमिझू त्याची सुटका करतात. एक लाख अश्वशक्तीच्या या बालकाची खरी व्यथा मात्र तो माणसांचा नाही आणि यंत्रांचाही नाही, ही आहे. 'निळा योद्धा' या १९६५–६६ च्या कथेत तर तो माणसांविरुद्ध उभा राहिला. त्यानंतर मालिकेची लोकप्रियता घटली.

१ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर आतोमूचे १९३ भाग झाले. तेझुकांनी ते निर्मितीखर्चापेक्षा कमी दरात दिले. त्यांची 'मुशी प्रॉडक्शन' ही संस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली; त्यापूर्वीच ते तिच्या प्रमुखपदावरून दूर झाले होते.

पुनर्मुद्रणे

आतोमूच्या कथा पुस्तकरूपाने अनेकदा निघाल्या आणि तेझुकांनी त्या जवळजवळ दर वेळी बदलल्या. मासिकाची पाने व त्यासोबतच्या छोट्या पुरवण्या यांचे आकार वेगवेगळे असत. पुस्तकासाठी चौकटी कापाव्या लागत, पाने नव्याने जुळवावी लागत आणि रंगीत पाने काळी-पांढरी होत. पण एवढ्यावरच ते थांबत नसत; संवाद बदलत, प्रसंग गाळत, कधी नवे चित्र काढीत. आसाही सोनोरामाच्या १९७५–७६ च्या आवृत्तीत त्यांनी कथांना चित्ररूप प्रास्ताविके जोडली. त्यांत ते स्वतःच पात्र म्हणून वाचकाशी बोलतात. याच आवृत्तीसाठी 'आतोमूचा जन्म' ही कथा त्यांनी १९७५ मध्ये रेखाटली. पहिल्या खंडाच्या आरंभी ती वाचणाऱ्याला ती सर्वांत जुनी वाटते. प्रत्यक्षात ती मालिकेच्या आरंभानंतर चोवीस वर्षांनी आली. कथाक्रमही काळानुसार नाही.

१९७७ पासून कोदान्शाने त्यांची समग्र चित्रकथा-माला काढली. ती तेझुकांच्या मृत्यूनंतर, १९९७ मध्ये, ४०० खंडांवर पूर्ण झाली. त्यांपैकी १८ खंड 'तेत्सुवान आतोमू'चे आहेत. अमेरिकेत डार्क हॉर्स कॉमिक्सने २००२ ते २००४ या काळात फ्रेडरिक शॉट यांच्या अनुवादाचे २३ खंड काढले. इंग्रजी वाचकाच्या हाती पडतो तो लेखकाने उत्तरकाळी सुधारलेला आतोमू, १९५० च्या दशकातील मुलांनी मासिकात वाचलेला नव्हे. तुलना करावयाची असल्यास आवृत्ती तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. पुढे जपानमध्ये मासिकातील मूळ पाने जशीच्या तशी छापणारे संचही निघाले. लेखकाच्या अंतिम इच्छेविरुद्ध मूळ पाठ जपावा काय, हा प्रश्न या संचांपुढेही उरतोच.

अखेरची वर्षे

गौतम बुद्धांच्या जीवनावरील 'बुद्ध' (१९७२–८३) आणि 'हिनोतोरी' (अग्निपक्षी) या त्यांच्या मोठ्या रचना होत. जठराच्या कर्करोगाने आजारी असतानाही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. मृत्युसमयी 'निओ फाउस्ट', बीथोवेनवरील 'लुडविग बी' आणि 'ग्रिंगो' या मालिका अपुऱ्या होत्या. १९९४ मध्ये ताकाराझुका येथे त्यांचे संग्रहालय उघडले. आतोमूचा कथेतील जन्मदिवस ७ एप्रिल २००३ हा आहे. त्या दिवशी निइझा शहराने त्याची नागरिक म्हणून नोंद केली.