काळोखाचा कारागीर

कंधारच्या किल्ल्यात किंवा औशाच्या भुईकोटात सूर्य कलल्यावर पाऊल टाकले की माणूस नकळत हळू बोलू लागतो. तेथे भूत कोणी पाहिलेले नसते; कमानीखालचा काळोख मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो. भयाचे हे मर्म हिंदी पडद्यावर ज्यांनी अचूक उतरविले, ते जोसेफ विर्शिंग जन्माने परदेशस्थ होते. 'महल'चे नाव निघताच मधुबाला आठवते, अशोककुमार आठवतो. या छायाचित्रकाराची आठवण मात्र अभ्यासकच काढतात. हा अन्याय होय.

विर्शिंग यांचा जन्म 22 मार्च 1903 रोजी म्युनिक येथे झाला. त्यांच्या तरुणपणी जर्मन चित्रपट सावल्यांशी खेळत होता. मुर्नाऊ या दिग्दर्शकाने स्लोव्हाकियातील ओरावा दुर्गात चित्रण करून 1922 साली 'नोस्फेरातू' हा भयपट पडद्यावर आणला, तेव्हा पात्राआधी त्याची सावली भिंतीवर चढते, हे जगाने पाहिले. म्युनिकच्या एमेल्का कंपनीत काम करणारे विर्शिंग 1925 साली हिमांशू राय यांच्या 'प्रेमसंन्यास' या बुद्धचरित्रपटासाठी भारतात आले. पुढे 1934 साली राय यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्यासह विर्शिंग यांनाही पाचारण केले. 'अछूत कन्या' (1936) त्यांनीच चित्रित केला.

1939 साली महायुद्ध पेटले आणि कालचा कलावंत एका दिवसात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. ब्रिटिश सरकारने विर्शिंग यांना स्थानबद्ध केले. उमेदीची वर्षे छावणीच्या तारांआड गेली. सुटका झाली तेव्हा हिमांशू राय हयात नव्हते आणि संस्थेची शकले झाली होती. तरीही ते मालाडलाच परतले.

तेथेच 1949 साली कमाल अमरोही यांचा 'महल' तयार झाला. कथा तशी साधी. यमुनाकाठच्या जुन्या वाड्यात नवा मालक येतो; भिंतीवरच्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो आणि रात्री एक स्त्री गात फिरताना आढळते. ती भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हे पुढे उघड होते. उत्तरार्ध कोर्टकचेरीत रेंगाळतो, हेही कबूल केले पाहिजे. पण आश्चर्य असे की, भुताचा उलगडा झाल्यावरही प्रेक्षकाच्या मनातील वाडा उजळत नाही. कारण ते भय कथेने निर्माण केलेलेच नव्हते. विर्शिंग यांनी दालनाचा एखादाच भाग प्रकाशित केला आणि बाकीचा प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपविला. झोपाळा दिसतो, झुलणारी दिसते न दिसते. भडक मुखवटे आणि किंकाळ्या यांवर विसंबणाऱ्या नंतरच्या कित्येक भयपटांना हा संयम साधला नाही.

त्या चित्रपटातील गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी कामिनी या पात्राचे नाव छापले गेले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे चौकशी केली आणि गायिकेचे नाव सर्वतोमुखी झाले. छायाचित्रकाराची चौकशी करणारी पत्रे कोण लिहिणार?

विर्शिंग येथेच राहिले. 'दिल अपना और प्रीत पराई' (1960) त्यांनी चित्रित केला. अमरोहींच्या 'पाकीज़ा'चे काम वर्षानुवर्षे रखडले. ते पुरे होण्यापूर्वीच 11 जून 1967 रोजी मुंबईत विर्शिंग यांचे निधन झाले. उरलेले चित्रण इतरांनी पूर्ण केले आणि 1972 साली तो चित्रपट प्रदर्शित झाला.

बॉम्बे टॉकीज त्याआधीच, पन्नाशीच्या दशकात बंद पडली होती. तिच्या आवारात पुढे छोटे कारखाने आले आणि मूळ वास्तू भग्न झाली. चित्रीकरणाच्या वेळी विर्शिंग यांनी काढलेली स्थिरचित्रे मात्र त्यांच्या कुटुंबाने जपून ठेवली. 2017 साली ती पणजीत प्रदर्शनात मांडली गेली, त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी.